विद्यापीठांच्या कुस्त्या आणि यजमानाचा धर्म

आमच्या गावच्या जत्रेस कुस्त्यांचा फड भरतो. परगावचा मल्ल फडास आला म्हणजे त्याची वळकटी कोणाच्या ओसरीवर पडायची, त्यास दूध कोणाच्या गोठ्यातून जायचे, हे आदल्या रात्रीच देवळात बसून ठरलेले असते. ठरविणाऱ्यांत दोघाचौघांस धड सहीही येत नाही. तरी फडास आलेला पोरगा उपाशी परत गेला तर त्याच्या गावात आपल्या गावाची छी थू होईल, एवढे शास्त्र त्यांस पक्के ठाऊक आहे. कुस्ती हरलेल्या मल्लासही जेवल्यावाचून कोणी वेशीबाहेर जाऊ देत नाही.

आता हाच उद्योग आपली विद्यापीठेही करीत असतात, हे पुष्कळ शेतकरी बंधूंस ठाऊक नसेल. देशातील विद्यापीठांचा एक संघ आहे. १९२५ साली तो आंतरविद्यापीठ मंडळ या नावाने निघाला व १९७३ पासून भारतीय विद्यापीठ संघ या नावाने चालतो. कुस्ती, मुष्टियुद्ध, ज्युदो, तायक्वांदो, वुशू अशा झुंजीच्या खेळांचे अखिल भारतीय सामने हा संघ कोणत्या ना कोणत्या विद्यापीठाकडे सोपवितो. ज्याच्याकडे सामने गेले ते त्या वर्षाचे यजमान. मग काश्मीरपासून केरळापर्यंतची पोरे आपापल्या विद्यापीठाचा बिल्ला लावून तेथे जमतात. वयाची मर्यादा पंचवीस वर्षांची. येथे चांगला उतरलेला मल्ल पुढे खेलो इंडिया विद्यापीठ खेळांत जातो आणि नशीब व अंगमेहनत दोन्ही जोडीने चालली तर जगातील विद्यार्थ्यांच्या सामन्यांपर्यंत मजल मारतो. जगातील विद्यार्थी खेळाडूंची संस्था १९४९ साली निघाली आणि तिच्या खेळांत ज्युदोची झुंज १९६७ साली जपानात टोकियो येथे प्रथम झाली.

या सामन्यांस जाणारी पोरे कोणाची असतात, हे एकदा डोळे उघडून पाहावे. वकील, डॉक्टर, बंगलेवाले यांची मुले गादीवर डोके घासण्यास फारशी येत नाहीत. येतात ती ऊस तोडणाऱ्याची, मेंढरे राखणाऱ्याची, लोहाराची, कुंभाराची, दोन एकर जिराईत कसणाऱ्याची. आपल्या घरातील दूध डेअरीला न घालता पोराच्या तांब्यात ओतणाऱ्या आईची ही मुले असतात. बदामाचा भाव विचारून बाप दुकानातून मागे फिरतो आणि पुन्हा जाऊन पावशेर घेऊन येतो. पुष्कळ पोरे कॉलेजात नाव घालतात तेच मुळी कुस्तीसाठी. नाव घातले म्हणून वर्गात बसतात, आणि बसली म्हणून चार पुस्तके वाचतात. ज्या दारातून आमच्या आजा-पणजास आत डोकावू दिले नाही, त्या दारातून हा नातू लंगोट काखेत मारून आत शिरतो. कोणत्या का निमित्ताने होईना, शिरतो हे आम्हांस मोलाचे वाटते. शिवाय महाराष्ट्रात सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखीव आहेत, हे तालमीतील प्रत्येक पोरास परवच्यासारखे पाठ असते.

म्हणून या सामन्यांचे यजमान कसे वागतात, ही नुसती खेळाच्या पानावरची बातमी नव्हे. तो आपल्या घरचा प्रश्न आहे.

आता एक हकीगत सांगतो. यजमान विद्यापीठाचे नाव आम्ही घेत नाही, कारण दोष एकाचा नाही, रीतीचा आहे. आमच्या शाळेत मुळाक्षरे गिरवून गेलेला एका लोहाराचा मुलगा कॉलेजातून निवडला जाऊन या अखिल भारतीय सामन्यांस गेला. वजनगट पासष्ट किलोचा. संघाची यादी उशिरा निघाली, म्हणून आगगाडीच्या जागा राखून झाल्या नाहीत. दोन रात्री पोरे जनरल डब्यात संडासाच्या दाराशी पथारी टाकून गेली. वजन वाढेल या भीतीने त्याने पहिल्या दिवशी एक भाकरी खाल्ली, दुसऱ्या दिवशी ती नाही, आणि शेवटचे पंधरा तास पाणीही सोडले. मुक्कामी पोचल्यावर एका वर्गातील बाके भिंतीशी सारून टाकलेल्या सतरंजीवर जागा मिळाली. सकाळी वजनकाट्यावर उभा राहिला तो तीनशे ग्रॅम जास्त. मग दोन स्वेटर अंगात चढवून त्याने मैदानास फेऱ्या मारल्या, घाम काढला, आणि साडेसात वाजता एकदाचे वजन बसले.

आता यापुढे काय व्हावयास पाहिजे? वजन बसल्याबरोबर पोरास पाणी, पेज, केळी, काहीतरी पोटात गेले पाहिजे आणि दोन घटका पडावयास मिळाले पाहिजे. झाले ते असे. साडेआठ वाजता सर्व संघांस उद्घाटनासाठी रांगेत उभे राहण्याचा हुकूम झाला. प्रमुख पाहुणे साडेअकरास आले. तोवर पोरे उन्हात. खानावळीतील वाढपी मंडपात खुर्च्या लावण्यास गेलेले, म्हणून खानावळ बंद. पाहुणे आले, शाली पांघरल्या, नारळ दिले घेतले, भाषणे झाली. त्या भाषणांत युवाशक्तीचा गौरव पुष्कळ झाला असे पोरगा सांगत होता. दोन वाजता त्याची कुस्ती लागली. पहिल्या फेरीत पुढे होता. दुसऱ्या फेरीत पोटऱ्या वळल्या, उभे राहवेना, आणि गुणांवर हरला.

हरल्याचे दुःख नाही. दोघांत एक हरणारच. परंतु पोरगा परत आल्यावर त्याचा बाप भाता बंद करून आमच्याकडे आला आणि त्याने एवढेच विचारले, "गुरुजी, तिथं पोराला तांब्याभर पाणी द्यायला कुणीच नव्हतं का?" त्या सामन्यांची छापील पुस्तिका पोराने आणली होती, ती आम्ही पानोपान चाळली. गुळगुळीत कागद, मोठ्या लोकांची अकरा चित्रे, शुभेच्छांची पत्रे. वजन कधी घ्यावयाचे, वैद्य कोठे बसणार, पिण्याचे पाणी कोठे आहे, यांबद्दल एक ओळ नव्हती. त्या बापास आम्ही काय उत्तर द्यावे?

ज्यांनी केवळ जत्रेतील मातीवरची कुस्ती पाहिली आहे त्यांस हे वजनाचे प्रकरण नवे वाटेल. आमच्याकडे वस्ताद दोन पोरांस शेजारी उभे करतो, खांदे-मांड्या पाहतो आणि जोड लावतो. गादीवरच्या कुस्तीत तसे नाही. तेथे वजनाचे गट ठरलेले आहेत आणि काट्यावर ते ग्रॅमपर्यंत मोजतात. पूर्वी आदल्या संध्याकाळी वजन घेत. २०१८ पासून जागतिक नियमाने ज्या दिवशी कुस्ती त्याच दिवशी सकाळी वजन, आणि दुसऱ्या दिवशी कुस्ती उरली असेल तर पुन्हा वजन. हा काटा किती निर्दय असतो हे २०२४ साली पॅरिसला साऱ्या देशाने पाहिले. विनेश फोगाट ही मल्ल ६ ऑगस्ट रोजी एका दिवसात तीन कुस्त्या मारून अंतिम फेरीस पोचली, आणि ७ तारखेच्या सकाळी पन्नास किलोच्या गटात शंभर ग्रॅम जास्त भरली. शंभर ग्रॅम म्हणजे आपल्या घरातील दोन मुठी शेंगदाणे. तेवढ्यासाठी पदक तर गेलेच, पण नियमाप्रमाणे नाव शेवटच्या क्रमांकावर गेले.

यावरून कोणी म्हणेल की पोराने वजन सांभाळावे, यजमान काय करणार? यजमान पुष्कळ करू शकतो, आणि केले नाही तर काय होते याचा दाखला अमेरिकेतील कॉलेजांचा आहे. १९९७ सालच्या नोव्हेंबर-डिसेंबरात तेथील तीन वेगवेगळ्या कॉलेजांतील तीन तरुण मल्ल तेहेतीस दिवसांच्या आत मेले. तिघेही वजन उतरविण्यासाठी रबरी कपडे घालून, गरम खोलीत व्यायाम करून, पाणी तोडून घाम काढीत होते. श्रीमंत देश, सोयींनी भरलेली कॉलेजे, आणि पोरे मेली ती पाण्यावाचून! मग तेथील कॉलेजांच्या क्रीडासंस्थेस जाग आली. रबरी कपडे बंद केले, वजनासाठी घामाच्या कोठड्या बंद केल्या, वजन घेण्याची वेळ कुस्तीच्या अगदी जवळ, एक-दोन तासांवर आणली, म्हणजे आदल्या दिवशी अंग पिळून काढून रात्रीत भरून घेण्याचा मोह राहू नये. आणि हंगामाच्या आरंभीच प्रत्येक मल्लाची लघवी व अंगातील चरबी तपासून, याने यापेक्षा खाली उतरू नये, असे त्याचे किमान वजन ठरवून टाकण्याची रीत पाडली. या गोष्टीस पाव शतकाहून अधिक काळ लोटला. आमच्या प्रत्येक विद्यापीठात शारीरिक शिक्षणाचा संचालक आहे, वैद्यकीय केंद्र आहे, पुष्कळ ठिकाणी शरीरशास्त्र शिकविणारे पंडितही आहेत. कॉलेजात नाव घालतेवेळीच मल्लाचे किमान वजन ठरविणे यांस अवघड आहे काय? आणि यजमानास सामन्यांच्या आदल्या दिवसापासून एक तपासलेला काटा पोरांसाठी उघडा ठेवणे, वजनाच्या खोलीच्या दाराशीच पाणी व मीठ-साखर ठेवणे, वजन आणि पहिली कुस्ती यांच्यामध्ये कोणताही समारंभ न घालणे, यांत किती पैसा लागतो? मंडपाच्या एका कमानीइतकाही लागणार नाही.

समारंभास आमचा विरोध नाही. हलगी वाजल्याशिवाय फडास रंग येत नाही, हे आम्हांसही कळते. समारंभ संध्याकाळी करा, कुस्त्या आटोपल्यावर करा. पाहुण्यांस उशीर झाला तर पाहुण्यांनी थांबावे, मल्लाने का?

या ठिकाणी खाशाबा जाधवांचे स्मरण होते. कऱ्हाडजवळील गोळेश्वर गावच्या शेतकरी घरातील हा मुलगा. १९५२ साली हेलसिंकी येथे कांस्यपदक मिळवून स्वतंत्र भारतास एकट्याच्या बळावर पहिले ऑलिंपिक पदक आणून देणारा, हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु तो विद्यार्थी मल्ल होता, हे आपण विसरतो. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात तो शिकत असता शरीराने लहानखोर म्हणून कॉलेजच्या सामन्यांत त्यास घेण्यास खेळाचे शिक्षक तयार नव्हते. प्राचार्य खर्डेकरांनी परवानगी दिली आणि त्याने मोठमोठ्यांस लोळविले. १९४८ साली कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीने तो लंडनला गेला. गादीवरची कुस्ती व तिचे नियम तोपर्यंत त्याच्या अंगवळणी पडलेले नव्हते, तरी सहावा आला. पुढे हेलसिंकीस जाण्यास पैसा कमी पडला तेव्हा त्याच प्राचार्यांनी आपले राहते घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. बाकी गावोगावच्या वर्गणीतून जमले. घर गहाण टाकणारा एक शिक्षक होता, हे लिहिताना आम्हां शिक्षकांस थोडा अभिमान वाटतो, तो वाचकांनी क्षम्य मानावा.

हेलसिंकीतील पुढची गोष्ट मात्र कमी सांगितली जाते. जपानी मल्लाशी दमछाक करणारी लांब कुस्ती झाल्यावर खाशाबास लगेच रशियन मल्लाशी लढण्यास उभे केले. दोन कुस्त्यांच्या मध्ये विश्रांती मिळणे हा त्याचा नियमाने हक्क होता; परंतु तो हक्क मागण्यासाठी भारताचा एकही अधिकारी तेथे हजर नव्हता, असे सर्वत्र नोंदलेले आहे. खेडवळ पोराने कोणाशी भांडावे? जिंकलेले सोने नव्हे, पण जिंकता आले असते ते सोने तेथे हातचे गेले. आज सत्तर वर्षांनंतरही आमची पोरे विद्यापीठाचा बिल्ला लावून परमुलखात जातात, आणि पंचाच्या निकालावर दाद मागण्याची वेळ आली म्हणजे त्यांचे व्यवस्थापक कोठे बाजारपेठेत असतात. जाणाऱ्या विद्यापीठाने आपल्या पोरांबरोबर नियम जाणणारा माणूस पाठविलाच पाहिजे. आणि यजमान विद्यापीठाने नियमांचा कागद हिंदीत व इंग्रजीत, जमल्यास संघांच्या भाषांतही, भिंतीवर लावलाच पाहिजे. एवढे झाले तर अर्धी भांडणे उठणारच नाहीत.

मुलींविषयी दोन शब्द लिहिल्यावाचून पुढे जाता येत नाही. आता आपल्या मुलीही गादीवर उतरतात, आणि त्यांस पाठविताना बापापेक्षा आईची छाती जास्त धडधडते. २०२३ साली दिल्लीत जंतरमंतरवर देशाच्या नामवंत महिला मल्लांस न्याय मागण्यासाठी रस्त्यावर बसावे लागले, हे चित्र खेड्यापाड्यांत पोचलेले आहे. त्यानंतर आमच्या पंचक्रोशीतील दोन मुलींची तालीम घरच्यांनी बंद केली. त्या घरच्यांस दोष देणे सोपे आहे. आम्ही देत नाही. परंतु त्यांस एक गोष्ट सांगतो, की २०१३ साली स्त्रियांच्या छळाविरुद्ध जो कायदा झाला, त्यात कामाची जागा म्हणजे काय हे सांगताना क्रीडासंकुल व स्पर्धेचे मैदान यांची नावे स्पष्ट घातलेली आहेत. म्हणजे सामन्यांचे ठिकाण हे कायद्याने यजमानाच्या जबाबदारीत येते. तक्रार समितीतील बाईंचे नाव व फोन मुलींच्या वसतिगृहाच्या दारावर लावणे, मुलींचे वजन बायांनीच घेणे, वैद्यांत एक बाई असणे, खोलीस आतून कडी असणे, ही मेहेरबानी नव्हे. कडी आहे का, एवढे पालकांनी फोन करून विचारावे. विचारण्यास लाजू नये.

आता सामने कोठे भरवावेत याचा विचार करू. खेलो इंडिया विद्यापीठ खेळ २०२० साली भुवनेश्वर येथे प्रथम झाले. मग २०२२ साली बंगळूरला. तेथे आमचा मल्लखांबही घेतला गेला. २०२३ साली उत्तर प्रदेशात, २०२४ साली आसामकडील राज्यांत, २०२५ साली राजस्थानात जयपूरसह सात शहरांत. पहिल्या पाचांत एकदाही महाराष्ट्राचे नाव नाही! ज्या मुलखात गावागणिक तालीम आहे, १९६१ पासून महाराष्ट्र केसरीची गदा फिरते आहे, त्या मुलखाने पाच वेळा पाहुणाच राहावे, याचे आम्हांस नवल वाटते. यजमानपद मिळणे म्हणजे मान मिळणे, एवढ्यासाठी आम्ही हे म्हणत नाही. सामने जवळ आले की आईबापांस पाहता येतात. आपला पोरगा गादीवर काय करतो हे आमच्या लोहाराने आजवर पाहिलेले नाही. त्यास ओरिसास जाणे कसे परवडावे?

राजर्षी शाहू महाराजांनी हे शंभर वर्षांपूर्वी ओळखले होते. १९०२ साली विलायतेस गेले असता त्यांनी रोमचे जुने गोल रंगण पाहिले आणि परत येऊन कोल्हापुरात खासबागेचे मैदान उभारले. १९१२ साली ते खुले झाले. मधोमध खोलगट आखाडा आणि सभोवार चढत गेलेली बैठक. शेवटच्या ओळीतल्या माणसासही खालची कुस्ती स्वच्छ दिसते. हा राजा एका हाताने सर्व जातींच्या मुलांसाठी वसतिगृहे काढीत होता आणि दुसऱ्या हाताने मल्लांस खुराक देत होता. विद्या आणि तालीम यांत त्यास वैर दिसले नाही. पहिलवान म्हणजे मठ्ठ, अशी म्हण ज्यांनी काढली त्यांच्या घरात कधी पहिलवान झाला नसावा.

परदेशाचे एक उदाहरण घ्यावयाचे तर तुर्कस्तानचे घ्यावे. तेथे सामसून म्हणून समुद्रकाठचे शहर आहे. २०१७ साली तेथे बहिऱ्या खेळाडूंचे जागतिक खेळ झाले, आणि २०२२ साली त्याच शहराने जगातील विद्यार्थ्यांच्या झुंजीच्या खेळांचा विश्वचषक भरविला. एकदा जमविलेला अनुभव दुसऱ्यांदा कामास आला. आमच्याकडे सामने संपले की मंडपवाला मंडप नेतो, आणि गाद्या कोठे जातात ते कोणीच सांगत नाही. कोठे तरी कुलपात उंदीर खातात.

या गाद्यांविषयीच आम्हांस विशेष लिहावयाचे आहे. नियमाची गादी बारा मीटर लांब, बारा मीटर रुंद असते, मध्ये नऊ मीटरचे वर्तुळ. खेड्यातील तालमीस तिची किंमत झेपत नाही. म्हणून पोरगा सात-आठ वर्षे लाल मातीत घडतो आणि गादीवर पहिला पाय ठेवतो तो कॉलेजच्या निवडीच्या दिवशी. मातीवर पाठ टेकली की निकाल. गादीवर तीन तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या आणि दर डावास गुण. मातीत पाय रुततो, गादीवर अडकतो, आणि गुडघा पिरगळतो. माती वाईट असे आम्ही म्हणत नाही. तिने अंग घडते. परंतु परीक्षा एका पाटीवर घ्यावयाची आणि सराव दुसऱ्या पाटीवर करावयाचा, हा अन्याय शाळेत आम्ही चालू देत नाही. म्हणून यजमान विद्यापीठाने सामने संपल्यावर आपल्या गाद्यांपैकी निम्म्या तालुक्याच्या गावी, एखाद्या शाळेत किंवा तालमीत, लेखी करार करून वापरण्यास द्याव्यात. प्रत्येक विद्यार्थ्याकडून खेळाची फी घेतली जाते, त्यांत आपल्या शेतकऱ्यांच्या पोरांची फीही आहे. त्या फीतून आलेली गादी तालुक्यास आली तर कोणाचे काय बिघडते?

एक शंका आम्हांस नेहमी विचारली जाते. शिक्षकच विचारतात, म्हणून जास्त बोचते. ते म्हणतात, गुरुजी, तुम्ही पोरांस पुस्तकाकडे वळवावयाचे सोडून कुस्तीची वकिली करता. शंभरांत एकास नोकरी लागते, बाकीचे नव्व्याण्णव पंचविशीनंतर काय करणार? शंका खोटी नाही. गुडघा गेलेले, परीक्षा राहिलेले, खुराकाचे कर्ज डोक्यावर असलेले तरुण आम्ही पाहिले आहेत. परंतु त्याचे उत्तर सामने बंद करणे हे नव्हे. सामन्यांचे वेळापत्रक आणि परीक्षांचे वेळापत्रक ही दोन्ही विद्यापीठेच करतात. मग सामन्यांस गेलेल्या पोराचा पेपर बुडतो कसा? बुडालेला पेपर पंधरा दिवसांत पुन्हा घेण्याची रीत सर्व विद्यापीठांनी सारखी पाळावी. आणि दुखापत झालेल्याचा औषधपाणी खर्च कोणाचा, हे सामन्यांस निघण्यापूर्वी कागदावर ठरलेले असावे. एवढे न करता पोरास नुसते मैदानात ढकलणारे विद्यापीठ आणि रेडा झुंजविणारा मालक यांत फरक तो कोणता? मालक निदान रेड्यास पाणी तरी पाजतो.

आणि आपल्या घरचे खरकटेही झाकू नये. गावच्या फडाचे आम्ही वर कौतुक केले, ते खरे आहे. परंतु त्याच फडात वैद्य नसतो, मान मुरगळलेल्या पोरास चार जण हातपाय धरून ओढतात. मुलींस कुस्ती मिळत नाही. आमच्या आजोबांच्या काळी काही जातींच्या मल्लांस कुस्ती मिळे पण पंगत मिळत नसे, त्यांचे जेवण वेशीपाशी पाठविले जाई. विद्यापीठाच्या खानावळीत सर्व जातींची पोरे एका ओळीत ताट घेऊन उभी राहतात, ही गोष्ट गावाने विद्यापीठापासून शिकण्यासारखी आहे. पाहुण्यास उपाशी न ठेवणे ही गोष्ट विद्यापीठाने गावापासून शिकावी. देवघेव दोन्हीकडून व्हावी, एवढेच आमचे मागणे.

आमच्या पंचक्रोशीतील सात गावांच्या तालमींनी मिळून जवळच्या विद्यापीठास एक अर्ज लिहिला आहे. मजकूर आमचा, अंगठे आणि सह्या वस्तादांच्या. त्यात असे कबूल केले आहे, की विद्यापीठाने अखिल भारतीय कुस्त्यांचे यजमानपद मागून घेतल्यास परराज्यांतून येणाऱ्या पोरांसाठी रोज दूध, भाकरी आणि भाजी ही सात गावे पाळीपाळीने पुरवतील, आणि स्टेशनावरून पोरांस आणण्यास दहा ट्रॅक्टर-ट्रॉल्या, गवत व घोंगड्या अंथरून, उभ्या राहतील. त्याबदल्यात तीन गोष्टी मागितल्या आहेत: वजनाच्या आदल्या दिवसापासून उघडा काटा, उद्घाटन संध्याकाळी, आणि सामन्यांनंतर एक गादी आमच्या तालुक्यास. लोहाराने पहिली सही केली आहे. अर्ज रजिस्टर पोस्टाने गेला, पोचपावती आली. उत्तर अद्याप आलेले नाही. आले म्हणजे याच पत्रात छापण्यास पाठवू.